किती मीटर, ते आधी सांगा

(वाचकांचे प्रश्न, टेपवाल्या मास्तरांची उत्तरं)

मागच्या खेपेला सदराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो होतो, की पॅरालिम्पिकबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा निवडली आहेत.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख : विट्याजवळच्या एका शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं. डावा पाय पोलिओचा, त्यामुळे मैदानी स्पर्धा आल्या की मला एका जागी बसायचं काम मिळायचं. टेप धरायचं. गोळा, थाळी, भाला, जे पडेल ते मोजायचं. जिल्ह्यात आजही मला लोक ‘टेपवाले मास्तर’ म्हणूनच ओळखतात.

प्रश्न : भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कुणाचं, यावर मित्राशी पैज लागली आहे. मी अभिनव बिंद्रा म्हणतो, तो मुरलीकांत पेटकर म्हणतो. मिसळ कुणी खिलवायची? (कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर)

पैज लावताना ‘ऑलिंपिक’ हा शब्द उच्चारला होता का, ते आठवा. उच्चारला असेल तर तुम्ही जिंकलात : बिंद्रा, बीजिंग, २००८. नुसतंच ‘भारताचं’ म्हणाला असाल तर मुकाट्याने पैसे काढा. पेटकरांचं सुवर्ण १९७२ चं आहे, बिंद्राच्या ३६ वर्षं आधीचं.

पेटकर पेठ इस्लामपूरचे, म्हणजे आमच्याच सांगली जिल्ह्यातले. सैन्याच्या ईएमई (यंत्रदुरुस्तीच्या) दलात होते आणि मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं, आणि या गड्याने उपचाराचा खेळ करून टाकला. १९६८ साली तेल अवीवला भारताचं पहिलं पथक गेलं, जेमतेम दहा जणांचं. त्यात पेटकर होते, पण टेबल टेनिसमध्ये. चार वर्षांनी जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंद. सुवर्ण, शिवाय जागतिक विक्रम. हे नुसत्या हातांच्या जोरावर, पाय मागे ओढत. पोहणाऱ्या वाचकांनी एकदा दोन्ही पाय बांधून (कुणाला तरी काठावर उभं करून!) ५० मीटर जाऊन बघावं आणि मग घड्याळ बघावं.

आता एक गंमत. त्या वर्षी ऑलिंपिक म्युनिकला होतं. पॅरालिम्पिकही तिथेच व्हायचं होतं, पण खेळाडूंच्या वसाहतीतली घरं स्पर्धेनंतर लगेच फ्लॅट म्हणून वापरात घ्यायची होती, म्हणून मंडळींना हायडेलबर्गला पाठवलं. तेही ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे म्युनिकची मशाल पेटायच्या आत आपलं सुवर्ण खिशात होतं. पुढे म्युनिकमध्ये आपल्या सगळ्या पथकाला मिळून हॉकीचं एक कांस्य मिळालं.

१९७२ म्हटलं की आमच्या पिढीला दुष्काळ आठवतो. मी सातवीत होतो. शाळेत सुकडी मिळायची, खडी फोडायला गावच्या गाव रस्त्यावर. त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातला माणूस जगात पहिला आला, हे मला कळलं तेव्हा मी स्वतः मास्तर होऊन बरीच वर्षं झाली होती. सरकारलाही वेळच लागला : पद्मश्री २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. आता ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा आल्यापासून सगळ्यांना पेटकर माहीत आहेत, बरं झालं. पण ३७.३३ हा आकडा विचारा, दहातले नऊ जण गप्प बसतात.

प्रश्न : १९७२ नंतर थेट २००४ ला देवेंद्र झाझरियाचं सुवर्ण, असं सगळीकडे वाचतो. मधल्या ३२ वर्षांत आपण काय करत होतो? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

साहेब, सुवर्णापुरतं तुमचं वाचन बरोबर आहे. पण मध्ये एक १९८४ आहे, आणि त्याच्यावरून लोक सर्रास उडी मारून जातात.

आधी रिकाम्या खुर्च्या. १९७६ ला टोरांटो, १९८० ला आर्नहेम : भारत गेलाच नाही. सुवर्ण जिंकून आलेल्या देशाने पुढच्या दोन्ही खेपांना पथकच पाठवलं नाही! कुस्तीत मैदान मारून आलेला पैलवान पुढच्या जत्रेला घरीच झोपावा, तसं.

मग १९८४. त्या वर्षी स्पर्धा दोन ठिकाणी वाटली गेली होती. मणक्याच्या दुखापतीचे, व्हीलचेअरवरचे खेळाडू इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला, बाकीचे न्यू यॉर्कला. भारताला चार पदकं मिळाली, दोन रौप्य आणि दोन कांस्य. चारही फेकीतली, म्हणजे माझ्या टेपच्या मुलखातली. जोगिंदरसिंग बेदींनी गोळ्यात रौप्य, थाळीत कांस्य, भाल्यात कांस्य, अशी एकट्याने तीन घेतली. भाल्याचं रौप्य भीमराव केसरकरांचं. म्हणजे एकाच भालाफेकीत दुसरा भारतीय आणि तिसराही भारतीय.

त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्याला एकही पदक नव्हतं. पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी आली आणि सारा देश हळहळला, मीसुद्धा. आज चाळीस वर्षांनीही त्या शंभराव्या भागाची गोष्ट पोरांना सांगतो आपण. केसरकर हे नाव मात्र मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकानेही ऐकलेलं नव्हतं. जिल्हा क्रीडा स्पर्धांच्या पंचांनीसुद्धा.

असं का झालं, याचं उत्तर माझ्याकडे एका प्रसंगापुरतं आहे. १९७९ साल. मी कॉलेजात, गोळा बरा टाकायचो. एका स्पर्धेत ‘अपंगांसाठी विशेष गोळाफेक’ ठेवली होती. बक्षीस समारंभ उरकला, पाहुण्यांची जीप गेली, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले, आणि मग आम्हा चौघांना बोलावलं. मी टाकला. चांगला गेला, हाताला कळतं ते. टेपवाला जागेवर नव्हता, चहाला गेला होता. संयोजक म्हणाले, ‘राहू दे, सगळ्यांनाच एकेक पेला द्या.’ स्टीलचा पेला मिळाला. घरात अजून आहे, चांगल्या जाड पत्र्याचा आहे. पण तो गोळा किती गेला, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

न मोजलेली गोष्ट कुणाच्या लक्षात कशी राहणार? १९८८ ते २००० पर्यंत आपली माणसं दर वेळी गेली आणि रिकाम्या हाताने परतली. २००४ ला अथेन्समध्ये झाझरियाने ६२.१५ मीटर भाला टाकला, तोही जागतिक विक्रमच, आणि राजिंदरसिंग राहेलूंनी पॉवरलिफ्टिंगमध्ये कांस्य आणलं. २००८ ला पुन्हा शून्य. २०१२ ला गिरीशाच्या उंच उडीचं एकच रौप्य. रिओला चार. टोकियोच्या आधीची आपली सगळी जमा बारा पदकं. मग टोकियोत एका दमात १९ आणि पॅरिसमध्ये २९. एकूण साठ झाली, त्यांतली ४८ शेवटच्या दोन खेपांची.

कारणं विचाराल तर चमत्कार काही नाही. टोकियोला ५४ खेळाडू गेले, पॅरिसला ८४. रिओला १९ होते. सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेत पॅरा खेळाडूंना प्रशिक्षक, परदेशी सराव, खर्चाचे पैसे मिळू लागले. बॅडमिंटन टोकियोत पहिल्यांदा आलं आणि आल्या आल्या आपल्याला चार पदकं देऊन गेलं. पाण्याची पाळी मिळाली की पीक येतं. आटपाडीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आटपाडीवरून आठवलं (हे मास्तरांनीच लिहिलं होतं मागे!), सचिन खिलारीबद्दल लिहा ना. आमच्या दुष्काळी भागातून असे खेळाडू कसे निघतात? (शिक्षिका, जत)

आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन. पॅरिस, ४ सप्टेंबर २०२४, एफ ४६ गटाची (एका हाताने अधू असणाऱ्यांची) गोळाफेक, १६.३२ मीटर, आशियाई विक्रम, रौप्य. सुवर्ण घेणारा कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट, सात फुटांहून उंच माणूस, त्याचा गोळा १६.३८. फरक सहा सेंटिमीटर. आपल्या हाताची चार बोटं जुळवून बघा बाई, त्याहूनही कमी. मी त्या दुपारी टीव्हीसमोर बसल्या जागी हात पुढे करून टेप ताणत होतो म्हणे. घरचे अजून हसतात. पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पदक मिळालं ते बेदींनंतर थेट चाळीस वर्षांनी, म्हणून वर १९८४ एवढं लांबवलं. तीन दिवसांनी गणपती बसले. आमच्या मंडळाच्या देखाव्यात सचिनचा फोटो लागला, खाली दोन ओळी त्याच्या हाताच्या अपघातावर. मी पोरांना म्हणालो, त्या खोडा आणि १६.३२ लिहा. त्यांनी दोन्ही ठेवलं. तडजोड.

‘दुष्काळी भागातून कसे निघतात’ याचं मला काही गूढ वाटत नाही. सांगलीचाच बॅडमिंटनपटू सुकांत कदम पॅरिसला चौथा आला. करमाळ्याचा जलतरणपटू सुयश जाधव, नांदेडची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव (पॅरिसच्या उद्घाटनात भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर तिरंगा तिच्या हातात होता), नाशिक जिल्ह्यातला धावपटू दिलीप गावित. यातल्या कुणाच्या गावाला समुद्र नाही की स्टेडियम नाही. पोहायला विहीर, धावायला बांध.

प्रश्न : माझा मुलगा जन्मतः ऐकू न येणारा आहे, पण कबड्डी आणि धावणं उत्तम. त्याला पॅरालिम्पिकला का घेत नाहीत? कर्णबधिर हे दिव्यांग नव्हेत का? (गृहिणी, बीड)

ताई, आहेत. पण त्यांची स्वतंत्र जागतिक स्पर्धा आहे, आणि ती पॅरालिम्पिकपेक्षा थोरली आहे. डेफलिंपिक. पहिली १९२४ साली पॅरिसमध्ये भरली. पॅरालिम्पिकचं मूळ १९४८ चं : डॉक्टर लुडविग गुटमन यांनी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिकांची, त्यात बायकाही होत्या, तिरंदाजी लावली. म्हणजे डेफलिंपिक २४ वर्षांनी मोठी.

तिथे नियम असा : चांगल्या कानाचीसुद्धा ऐकण्याची घट निदान ५५ डेसिबल हवी, आणि स्पर्धेत श्रवणयंत्र काढून ठेवायचं, सगळ्यांनीच. शर्यत पिस्तुलाच्या आवाजाऐवजी दिव्याने सुटते. आपला पैलवान वीरेंदर सिंग २००५ ला मेलबर्नमध्ये तिथलं सुवर्ण घेऊन आला. २०२२ च्या मे महिन्यात ब्राझीलमध्ये भारताला १६ पदकं मिळाली, त्यात आठ सुवर्ण. दिल्लीत ‘ऑल इंडिया स्पोर्ट्स कौन्सिल ऑफ द डेफ’ आहे, तिच्याशी जोडलेल्या राज्य संघटनेकडे मुलाचं नाव नोंदवा. कबड्डी नाही तिथे, पण पळणं आहे, कुस्ती आहे. त्याला पळवा.

(बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी स्पेशल ऑलिंपिक्स ही तिसरी चळवळ, १९६८ ची. तिन्ही नावं वर्तमानपत्रंही एकमेकांत कालवतात, तुमचा गोंधळ झाला तर नवल नाही.)

प्रश्न : स्पष्ट बोलतो, राग मानू नका. टीव्हीवर बघताना काही खेळाडू तर धडधाकट दिसतात. आणि एकाच भालाफेकीला एवढे गट, एवढी सुवर्णं. मग पदकं स्वस्त नाही का होत? (वाचक, ठाणे)

राग नाही. गणिताच्या मास्तराला प्रश्न विचारणारी पोरंच आवडतात.

कुस्तीत ५७ किलोचा आणि १२५ किलोचा वेगवेगळा लढतो, तेव्हा तुम्ही पदकं स्वस्त झाली म्हणता का? तिथे काटा वजनाचा, इथे काटा शरीर कितपत चालतं याचा. अक्षर सांगतं खेळ : टी म्हणजे धावपट्टी, एफ म्हणजे फेक. आकड्यातला पहिला अंक सांगतो साधारण प्रकार. अकरा ते तेरा दृष्टीचे, तिशीतले मेंदूच्या पक्षाघाताचे, चाळीस-एकेचाळीस कमी उंचीचे, पंचेचाळीसच्या पुढचे हाताचे, पन्नाशीतले बसून फेकणारे, साठीतले कृत्रिम पाय लावणारे. दुसरा अंक जसा लहान, तशी त्या प्रकारात अडचण सहसा जास्त. एवढं पाठ केलंत तर टीव्हीवरचा समालोचक चुकला तरी तुम्ही चुकणार नाही.

धडधाकट दिसण्याचं म्हणाल तर दिसण्यावर काहीच नसतं. दृष्टी, स्नायूंची ताकद, हात लुळे पडतात की नाही, हे कॅमेऱ्यात कुठून दिसणार? तपासायला वर्गीकरण करणारे असतात. खाटेवर झोपवून तपासतात आणि मग मैदानावर खेळतानाही बघतात. ते किती कडक असतात याचा चटका आपल्यालाच बसला आहे : टोकियोत आपल्या एका थाळीफेकपटूचं कांस्य, त्याचं शरीर त्या गटात बसत नाही असा निर्णय देऊन, दुसऱ्या दिवशी काढून घेतलं. आणि लबाडी होत नाही असंही नाही. सिडनी २००० ला स्पेनच्या बौद्धिक अक्षमता गटातल्या बास्केटबॉल संघात बारांपैकी दहा जणांना काहीही अक्षमता नव्हती. शिक्षा कुणाला झाली? जगातल्या त्या गटाच्या सगळ्या खेळाडूंना. २०१२ पर्यंत त्यांचे खेळच बंद. पॅरिसला आपल्या दीप्ती जीवनजीने ४०० मीटरचं कांस्य घेतलं ते याच टी २० गटात.

गट असण्याचा त्रास कसा होतो, तेही बघा. झाझरियाचा भालाफेकीचा गट २००८ आणि २०१२ च्या कार्यक्रमातच नव्हता. अथेन्सचं सुवर्ण घेऊन, ऐन भरात असलेला माणूस बारा वर्षं थांबला. पस्तिशीत रिओला गेला आणि ६३.९७ टाकला, म्हणजे स्वतःचाच अथेन्सचा आकडा जवळजवळ दोन मीटरने मागे टाकला. पुढे चाळिशीत टोकियोला ६४.३५ टाकून रौप्य. स्वस्त?

सुमित अंतिल, एका पायाला कृत्रिम पाय, पॅरिसमध्ये ७०.५९ मीटर. मी तीस वर्षं जिल्ह्यात भाल्याला टेप लावली, दोन्ही पाय शाबूत असलेल्या कुणाचाही साठच्या पुढे लावल्याचं मला आठवत नाही. तुमच्या सोसायटीतल्या सगळ्यात दणकट पोराला भाला द्या, ठाणेकर, आणि मला आकडा कळवा.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. कडबाकुट्टीत डावा हात कोपराच्या खाली गेला. उजव्या हाताने दगड लांब फेकते, आंबे पाडण्यात गावात एक नंबर. शाळेत पी.टी.च्या तासाला तिला बसवून ठेवतात. सुरुवात कुठून करायची? (शेतकरी, परभणी जिल्हा)

दादा, पहिलं काम शाळेत. मुख्याध्यापकांना सांगा की तिला बसवू नका. गोड बोलून सांगा, आणि नाहीच ऐकलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ३० वं कलम दाखवा, ते खेळांवरच आहे.

दुसरं, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. पण एक लक्षात ठेवा, त्या कार्डावरची टक्केवारी वेगळी आणि खेळातला गट वेगळा. गट स्पर्धेच्या वेळी वर्गीकरणवालेच ठरवतील. फेकीत एका हाताचे बहुतेक एफ ४६ मध्ये जातात. झाझरिया आणि सचिन दोघे त्याच गटातले. पॅरिसच्या कार्यक्रमात एफ ४६ च्या मुलींचा भालाही होता आणि गोळाही. झाझरियाची बारा वर्षं मी वर उगाच नाही सांगितली. प्रकार निवडताना तो पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या कार्यक्रमात आहे का, हे दरवेळी विचारत जा.

मग परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा, राज्याच्या पॅरा क्रीडा संघटनेच्या निवड चाचण्या कधी आहेत ते लिहून घ्या. तिथून राज्य, मग राष्ट्रीय. २०२३ च्या डिसेंबरपासून ‘खेलो इंडिया’च्या पॅरा स्पर्धाही दिल्लीत सुरू झाल्या आहेत. ‘हमखास निवड करून देतो’ म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या चहाचेसुद्धा पैसे त्यालाच देऊ द्या.

आणि भाला लगेच विकत घेऊ नका. तिच्या खांद्याएवढा, हलका, सरळ बांबू तोडा, टोकाला चिंधी गुंडाळा. डावा हात अर्धा असला की पळत येताना तोल उजवीकडे जातो, म्हणून पहिला महिनाभर पळून नाही, उभ्यानेच फेकू द्या. वावरात सरळ रेघ मारा, तिच्या आईला टेप धरायला सांगा. शिंप्याची नको, गवंड्याची तीस मीटरची आणा. रोज तीन फेकी, आणि वहीत तिन्ही आकडे, तारखेसकट. सगळ्यात लांबचा एकटाच लिहायचा नाही. पोळ्यापर्यंत वही भरत आली की मला झेरॉक्स पाठवा. अपघाताचं पत्रात पुन्हा काही लिहू नका, ते मला कळलं.